डोलकाठीच्या टोकावरून

माझी लेक रेवती मला चंद्रावर राहायला घेऊन गेली, ते साल २०७४. जावई नोकरीसाठी पृथ्वीवर परतले होते आणि माझ्या सात वर्षांच्या नातीजवळ, जुईजवळ, घरचे कोणीतरी हवे होते. माझा जन्म देवगडच्या बंदरात मासळी विकण्यात गेलेला. तिथल्या तळावर आम्ही तिघी आणि गोट्या नावाचा यंत्रमानव, एवढेच. जुईला खेळायला दुसरे मूल नव्हते. खिडकीबाहेर करडी माती, काळे आकाश. वाऱ्याचासुद्धा आवाज नाही.

मला वाचायला जुईनेच शिकवले. मग आम्ही एक जुनी सागरी कादंबरी घेतली. मी अक्षरे लावत वाचायची, अडले की ती पुढे ढकलायची. तिने समुद्र पाहिला नव्हता, पण ती त्या गलबतावर पार राहायलाच गेली होती. जेवताना वाटी हलली तरी म्हणायची, "लाट आली, आजी. धर."

एका पानावर मात्र ती थांबली.

"डोलकाठीवरच्या खलाशाला किनारा दिसला. खाली कप्तानाकडे दुर्बीण आहे, तरी त्याला का दिसत नाही?"

"खलाशी वर चढला ना."

"वर चढून तो किनाऱ्याच्या जवळ थोडाच गेला?"

मी म्हणाले, "आमच्याकडे आधी होडीचा झेंडा दिसायचा, मग होडी. लहानपणी आम्हाला वाटे, होडी पाण्याखालून वर येते."

"म्हणजे पाणबुडीतून मासे आणायचात?" जुई हसली.

तेवढ्यात रेडिओवर रेवतीचा आवाज आला. ती गाडी घेऊन बर्फ शोधायला गेली होती. "चाक रुतलंय. मी आत्ता..." आणि आवाज तुटला.

गोट्या म्हणाला, "संदेश पोहोचवणारा उपग्रह बंद पडला आहे. दुरुस्तीला दोन दिवस लागतील. गाडीत प्राणवायू उद्यापर्यंतच पुरेल. जागा कळली तर मी त्यांना घेऊन येईन."

"आपल्या यंत्राचा आवाज वाढव," मी म्हणाले. होडीला उशीर झाला की आम्ही किनाऱ्यावर जाळ मोठा करायचो. गोट्याने जोर वाढवला. नुसती खरखर.

जुई पुस्तक मांडीवर घेऊन त्याच पानाकडे पाहत होती. मग तिने तिचे गोल शिरस्त्राण टेबलावर ठेवले आणि पलीकडून पेन्सिल उभी धरून वर सरकवत आणू लागली.

"आजी, या बाजूला डोळा अगदी टेकव. काय दिसतंय?"

"पेन्सिलीचं टोक. आता अर्धी. आता सगळी."

तिने पेन्सिल पुन्हा मागे नेली. "आता डोळा वर उचल."

पेन्सिल पुन्हा दिसली.

"तुझी होडी पाण्याखाली नव्हतीच. मधलं पाणीच वाकलेलं होतं. चंद्र तर पृथ्वीहून लहान, म्हणजे इथलं क्षितिज (नजर संपते ती रेषा) आणखी जवळ. रेडिओलहरी सरळ जातात, वाकून खाली उतरत नाहीत. मोठ्यानं ओरडून उपयोग नाही, आजी. उंच जायला हवं."

"अँटेना (लहरी पाठवणारी आणि पकडणारी काठी) खोदकामाच्या मनोऱ्यावर नेता येईल," गोट्या म्हणाला. "पण मनोऱ्यावर चढणे माझ्या कामात बसत नाही."

"आता बसतं. तू खलाशी आहेस."

गोट्या अँटेना घेऊन चढू लागला. मनोऱ्याच्या मध्यावर खरखर. त्याच्यावर खरखर. जुईने माझे बोट इतके घट्ट धरले होते की दुखत होते. तो अगदी टोकावर पोहोचला, तेव्हा कुठे बारीक आवाज आला.

"जुई? आजीनं जेवायला घातलं का?"

जुई यंत्राला बिलगली. मीच म्हटले, "घातलं. तू कुठे आहेस ते सांग."

रेवतीने जागा सांगितली आणि गोट्या तिला घेऊन आला.

ती कादंबरी आम्ही नंतर तिघींनी मिळून संपवली. आता जुई मंगळावर उंच मनोरे उभारायला निघाली आहे. पृथ्वीपेक्षा तिथलेही क्षितिज जवळच, म्हणून नव्या वस्त्यांना एकमेकींचा आवाज ऐकू यावा यासाठी. मी देवगडला परत आले आहे आणि एकटीच वाचते.

माझी लेक रेवती २०८९ सालच्या फेब्रुवारीत आजारपणात वारली; पुस्तक उघडले की मनोऱ्यावरून आलेला तिचा तो बारीक आवाज अजून ऐकू येतो.