प्रुफांना हुंकार

खोटं वाटेल. पण मावशीने हे स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि थापा मारायला तिला आयुष्यात कधी सवडच मिळाली नाही.

शनिवारची भर दुपार होती. अप्पांची अभ्यासिका.

अप्पा म्हणजे मावशीचे वडील. देशाच्या जन्माचा इतिहास लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि तो टाइप करून देण्यात हिचं. प्रुफं तपासायची रीत ठरलेली. हिने एकेक वाक्य मोठ्याने वाचायचं, अप्पांनी डोळे मिटून 'हं' म्हणायचं. 'हं' आलं की वाक्य पक्कं.

अप्पा नुकतेच गेले होते. नव्या आवृत्तीची प्रुफं संध्याकाळी छापखान्यात हवी होती. मावशी पार थकली होती. सवयीने ती मोठ्याने वाचू लागली.

पहिलं वाक्य संपलं, आणि...

"हं."

आवाज अप्पांच्या रिकाम्या आरामखुर्चीतून आला होता.

ती घाबरली नाही. घाबरायलाही अंगात त्राण लागतं. "गेल्यावरही सुटका नाही का, अप्पा?" म्हणत तिने पुढचं वाचलं.

"हं."

खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. पानामागून पान उलटत गेलं.

मग ते वाक्य आलं. शाळेतली पोरं पाठ करतात ते. 'आपला देश जन्मला, तेव्हा रक्ताचा थेंबही सांडला नाही.'

खुर्ची गप्प...

तिने पुन्हा वाचलं.

काहीच नाही. खालच्या रस्त्यावरची वर्दळही ऐकू येईना.

"अप्पा, तुमचं सगळं नाव या वाक्यावर उभं आहे हो," ती कळवळून म्हणाली. "हेच काढलं तर काय उरेल तुमचं?"



छापखान्याचे फोन सुरू झाले. वाक्य ठेवावं तर हुंकार नाही, काढावं तर बापाच्या जन्मभराच्या कामावर पाणी. मावशीने लाल पेन उचललं. मग रडत रडतच तिने त्यावर लाल रेघ ओढली.

"काढलं," ती म्हणाली.

"हं..."

खुर्चीतून नाही. दारामागून.

मग खिडकीखालून, एका बाईचा हुंकार.

मग एका लहान मुलाचा...

मग जिन्यावरून, एकामागून एक, थेट रस्त्यापर्यंत.

त्या वाक्याने ज्यांचं रक्त नाकारलं होतं, त्यांचेच जणू हे हुंकार. त्यात अप्पांचा आवाज नव्हता.

मग आधी खुर्चीतून कोण ऐकत होतं? मावशी अजून कुणाला विचारत नाही. मोठ्याने तर ती आता काहीच वाचत नाही.