उजवा कौल

सह्याद्रीच्या पोटातला लाव्हा पुन्हा वर सरकू लागला, त्याला चाळीस वर्षं झाली. तरी उन्हवलीच्या माणसांना डोंगराची धास्ती म्हणून नव्हती. सरकारने दोनदा गाव हलवलं आणि दोन्ही वेळा डोंगर ढिम्म! आता वाघजाईचा कौल मिळाल्याशिवाय कुणी गाव सोडणार नव्हतं. खाडीत लाँची उभ्या होत्या; कौल मिळालाच तर म्हणून काही बायका बोचकी घेऊन काठावर जाऊन बसल्या होत्या. पण 'गाव सोडू का' म्हणून विचारलं की देवीच्या डाव्या खांद्यावरची पाकळी गळत होती. डावा कौल म्हणजे नकार.

ज्वालामुखी केंद्राच्या वैदेही खातूने कपाळाला हात लावला.

"काका, नकार जमीन देतेय," ती गाभाऱ्याच्या दाराशी आत्माराम गुरवांना हळूच म्हणाली. "तव्यावर भाकरी फुगते ना, तसा आत लाव्हा भरला की डोंगर फुगतो. तो देवीच्या उजव्या हाताला आहे. म्हणून मूर्ती डावीकडे कललीय. माझं हे कलसूचक यंत्र तोच कल मोजतं."

"म्हणजे धोका वाढंल तशी आई 'जाऊ नका' म्हणणार?" गुरवांना घाम फुटला. "मूर्तीला हात लावता यायचा नाय गो. स्वयंभू हाय ती. पण प्रश्न फिरवतो. 'राहू काय' म्हणून इचारतो. मंग डावा पडला की निघायचं."

"विचारा काका, पाया पडते तुमच्या." बोलताना तिची तिलाच लाज वाटली, पण पोराबाळांनी भरलेलं गाव समोर बसलं होतं.

गुरवांनी देवीच्या दोन्ही खांद्यांना नव्या पाकळ्या लावून गाऱ्हाणं घातलं. "आई, लेकरांनी हितंच ऱ्हावं आसंल, तर उजवा दे!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं.

उजवी पाकळी पडली.

एकच जल्लोष झाला. वैदेहीने यंत्राकडे पाहिलं. कल उतरत उतरत शून्यावर आला होता, आणि आता उजवीकडे, डोंगराकडे झुकत होता.

"जमीन बसली? म्हंजे टळलं काय?" गुरवांनी विचारलं.

"नाही काका. डोंगराचं पोट खपाटीला गेलंय, कारण लाव्हाला वाट सापडली. तो निघालाय."

ती देवळाच्या पायरीवर चढून ओरडली, "पळा! लाँचीकडे पळा!" गुरवही बेंबीच्या देठापासून ओरडायला लागले.

"गुरव फितला रं!" मागून कुणीतरी हसलं.

एका म्हातारीने वैदेहीचा हात धरून तिला मायेने खाली बसवलं. "आगो बाय, या येळी तर तुज्याच मनासारखं इचारलं ना? आता तरी ऐक आईचं."

जल्लोष ऐकून खाडीवर गेलेल्या बायका बोचकी उचलून घराकडे परत येऊ लागल्या.