बिल्ला नंबर सतरा

मामांनी ही गोष्ट सांगितली ती गच्चीवर, रात्री पावणेअकराला, आणि ती कोणी मागितलीही नव्हती. भाचीने फक्त एवढंच विचारलं होतं, की माजी विद्यार्थ्याचं कार्ड काढायला फोटो एक लागतो की दोन.

"दोन," मामा म्हणाले. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या दारावर सत्तावीस वर्षं बसून निवृत्त झालेला माणूस. हे नियम त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी पाठ. "आणि मार्कशीट चालत नाही. पदवीचं प्रमाणपत्रच लागतं."

वीज गेली होती. भाची मोबाइलच्या उजेडात अर्ज भरत होती. शेजारी तिची मैत्रीण. हळू बोलणं जमत नाही म्हणून सगळे तिला भोंगा म्हणत. भोंगा दुसऱ्या कॉलेजची. तिचा बेत साधा होता: कार्ड भाचीने काढायचं, आणि त्या कार्डावर पाहुणी म्हणून रोज हिने आत शिरायचं.

"रोज एक सही तर करायचीय. तुझं काय जातंय?" भोंगा म्हणाली.

मामांनी भाचीच्या हातातलं पेन काढून घेतलं. खेकसून नाही, हळूच.

"आमच्या वायरमनलाही असंच वाटलं होतं."

"कोण वायरमन?"

"बसा दोघी. आणि तो मोबाइल बंद करा."

वायरमन तेव्हा अठ्ठावन्नचा होता. ग्रंथालयाच्या इमारतीतली अर्धी वायरिंग त्याच्या हातची. ऐन तारुण्यात तो शिडी खांद्यावर घेऊन त्या दारातून रोज आत जायचा, पण एकदा एक पुस्तक उघडून बघत उभा राहिला तर त्याला कॉलर धरून बाहेर काढलं होतं. कामगाराने दिव्याकडे बघायचं, पुस्तकाकडे नाही. माणसं बाहेर ठेवायला केवढी मोठी इमारत बांधतात, बघा! वायरमनने ते मनात ठेवलं. संध्याकाळचे वर्ग केले, दोनदा आपटला, आणि एकेचाळिसाव्या वर्षी पदवी घेतली. माजी विद्यार्थ्याचं कार्ड तो पाकिटात पोरांच्या फोटोच्याही पुढे ठेवायचा.

तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. दुसरा गुरुवार. संध्याकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटं.

वायरमन घाईत होता. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कोर्टात तारीख होती, त्याच्या थोरल्या ताईच्या बोळाची. ताईचं घर मागे, रस्ता पुढे, आणि मधे तीन हात रुंदीचा बोळ. शेजाऱ्याने सहा महिन्यांपूर्वी बोळाच्या तोंडाशी भिंत घातली आणि सांगितलं, इथे बोळ कधी नव्हताच. ताईचा नवरा अंथरुणाला खिळलेला. त्याला दवाखान्यात न्यायचं तर खाटेसकट दुसऱ्या शेजारणीच्या स्वयंपाकघरातून काढावा लागे. त्या बाईने चार वेळा दार उघडलं. पाचव्यांदा म्हणाली, ताई, आता माझीही माणसं कुरकुर करतात हो.

कागद कुठेच नव्हता. मग कोणीतरी सांगितलं, की चाळीसेक वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने ती सगळी वस्ती घर न् घर मोजून प्रबंध लिहिला होता. शेवटी हाताने काढलेला नकाशा. एकच प्रत, विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तिसरा मजला. बाहेर नेता येत नाही. साडेसातपर्यंत झेरॉक्स काढून शिक्का मारून देतात.

दाराच्या पायरीवर एक तरुण उभा होता. पंचविशीतला, सडपातळ, रुंद कॉलरचा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला. हातात पिशवी नाही, फोन नाही. खिशाला शाईचं पेन.

"काका, जरा सही द्याल? पाहुणा म्हणून. आत एकच गोष्ट बघायचीय."

"तू इथला विद्यार्थी नाहीस?"

"विद्यार्थी म्हणून मुदत संपली. माजी म्हणून अजून नोंद नाही." तो ओशाळं हसला. "किती वेळा येऊन परत गेलो. कोणी सहीच करत नाही."

वायरमनला आपली जुनी कॉलर आठवली. कोणाच्या तरी मुठीतली.

"चल," तो म्हणाला.

टेबलावर तेव्हा मामाच होते. त्यांनी नियम बोलून दाखवला, मान वर न करता, कारण कानाला फोन होता आणि फोनवर मामी होती. "ओळख देणाऱ्याचं कार्ड माझ्याकडे राहील. पाहुणा बाहेर पडेपर्यंत तुम्ही बाहेर पडायचं नाही. पाहुण्यांनी नाव लिहा." मग त्यांनी पाहुण्याचा पितळी बिल्ला टेबलावर ठेवला. नंबर सतरा. पुन्हा बघितलं तर बिल्ला उचललेला होता, आणि वहीत नाव लिहिलेलं होतं. निळ्या-काळ्या शाईत, सुबक.

"तुम्ही त्याला बघितलंच नाही?" भोंगाने विचारलं, आणि चक्क हळू.

"नाही," मामा म्हणाले. "पुढचं सगळं मला वायरमनने त्याच रात्री पायरीवर बसून सांगितलं. पाणी पीत. तीन ग्लास."

तर वायरमन तिसऱ्या मजल्यावर गेला. पाहुणा जिन्यातच कुठेतरी पुढे निघून गेला होता. वर कोणी वाचक नव्हता. तिथे दिवे आपोआप लागतात. माणूस रांगेत शिरला की खट्, पुढे सरकला की पुढचा खट्, मागचा विझतो. ते दिवे वायरमननेच बसवले होते. आपलंच काम आपल्याला वाट दाखवतंय, असं वाटून तो खूश झाला.

रांग सापडली. कप्पा सापडला. प्रबंध नव्हता.

दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये बोटभर फट. फळीवरच्या धुळीत ताजा ओरखडा. आत्ता कोणीतरी ओढून काढलेला.

परवाच शेजारी भिंतीला टेकून त्याला म्हणाला होता, "जा की! बघून ये तुझा नकाशा." आणि हसला होता. इतका निर्धास्त कसा? वायरमनने तेव्हा डोकं खाजवलं होतं. आता सगळं जुळलं. शेजाऱ्याने माणूस पाठवलाय. पान फाडायला. ना पिशवी, ना फोन, ना कार्ड, एकच गोष्ट बघायचीय म्हणे! आणि त्याला आत आणला कोणी?

मी. माझ्या सहीने.

तो रांगांमधून झपाझप निघाला. खट्. खट्. खट्. दिवे त्याच्याबरोबर पळत होते. आणि शेवटच्या टोकाला, खिडकीशी, जिथे वाचायचं टेबल आहे, तिथे अंधार होता. अंधारात कागदाची सळसळ.

पाहुणा टेबलाशी बसला होता. नकाशा पूर्ण उलगडलेला. त्याच्यावर तो वाकलेला, हातात पेन.

"ए! हात काढ!"

पाहुण्याने मान वर केली नाही. "हळू बोला, काका. ग्रंथालय आहे."

"कोणी पाठवलं तुला? त्यानेच ना?"

"राहिलं होतं एक."

"काय राहिलं होतं?"

"बोळ."

वायरमन थांबला. खिडकीतून बाहेरच्या खांबाचा पिवळा उजेड नकाशावर पडत होता. ताईचं घर त्याने एका नजरेत ओळखलं. विहीर, तिच्यामागे चौकोन. आणि पुढची दोन घरं... एकमेकांना चिकटलेली. मधे काही नाही. बोळ नाही. म्हणून शेजारी हसला होता. त्याने हा नकाशा आधीच बघितला होता.

"तेव्हा मी पुढच्या घरात राहायचो," पाहुणा म्हणाला. "त्यांच्याच घरी जेवायचो. घरमालक म्हणाले, तेवढा बोळ काढू नकोस. मी नाही काढला."

"कोण घरमालक?"

"आता त्यांचा मुलगा आहे तिथे."

पेन सरकलं. एक रेघ. मग तिच्या शेजारी दुसरी.

वायरमनचा संशय आता उलटा फिरला. हा सापळा आहे. ताजी रेघ दिसली की समोरचा वकील ओरडणार, बनाव! खोटा पुरावा! ताईचा बोळ तर जाईलच, वर मी आत जाईन. फाडायला नाही, हा लिहायला आलाय. तेही माझ्या नावावर.

"थांब," तो म्हणाला. "थांब म्हणतो ना!"

आणि मग त्याला ते सुचलं, जे फक्त वायरमनलाच सुचलं असतं.

टेबलाच्या वर छताला दिवा होता. बरोबर पाहुण्याच्या डोक्यावर. त्यानेच बसवलेला, त्यानेच तपासलेला. हे दिवे डोळ्यांनी बघत नाहीत. अंगाची ऊब हलली की लागतात. मांजर आलं तरी लागतात.

माणूस बसलाय. हात हलतोय.

दिवा विझलेला.

बिघडला असेल, वायरमनने स्वतःला सांगितलं. बिघडतात. त्याने उजवा हात उचलला. हळूहळू पुढे केला. टेबलाच्या कडेवरून. पेनाच्या दिशेने...

खट्.

लख्ख उजेड पडला. खुर्ची टेबलात आत सरकवलेली होती. पूर्ण आत. पोट न आवळता कोणी बसूच शकलं नसतं.

कोणी नव्हतं.

नकाशावर दोन रेघा होत्या. वायरमनने बोट ओलं करून त्यांवर फिरवलं. शाई फिसकटली नाही. बाकीच्या रेघांइतकीच ती विटलेली होती.

"मग?" भाची म्हणाली. "त्याने झेरॉक्स काढलं?"

"तो कितीतरी वेळ तिथे उभा होता. दिवा विझला, तेव्हा भानावर आला. डोळ्यांसमोर खाट येत होती, म्हणाला. स्वयंपाकघरातून आडवी तिडवी निघालेली." मामांनी पेनाचं टोपण लावलं. "काढलं. सात सत्तावीसला. शिक्का मारून घेतला."

आठ वाजता तो टेबलाशी आला. मामांनी कार्ड दिलं नाही.

"तुमचा पाहुणा?"

वायरमनने जिन्याकडे बोट केलं.

दोघं मिळून तीन मजले फिरले. प्रत्येक रांग, प्रत्येक संडास. दिवे लागत होते, ते या दोघांसाठीच लागत होते. वहीत येण्याची वेळ होती, सहा बावन्न. जाण्याचा रकाना कोरा. बिल्ला आला नाही, म्हणून कार्ड मिळालं नाही. नियम म्हणजे नियम. मामांनी ते खणात टाकलं आणि किल्ली फिरवली.

कोर्टात व्हायचं तेच झालं. समोरच्या वकिलाने महिनाभर आधीचं झेरॉक्स पुढे केलं, शिक्क्यासकट. त्यात बोळ नव्हता. वायरमनच्यात होता. मग मूळ प्रत मागवली, आणि वही घेऊन मामांनाही बोलावलं.

वायरमनला उभं केलं. "या रेघा तुम्ही काढल्या?"

"नाही."

"मग कोणी काढल्या?"

...

"सांगा. कोणी?"

त्याची ताई समोर बसली होती. तिनेही त्याच्याकडे संशयानेच बघितलं. ते त्याला फार लागलं.

नकाशा तपासायला गेला. चार महिन्यांनी उत्तर आलं: सगळी शाई एकाच वेळची, चाळीस वर्षांपूर्वीची. महिनाभर आधीच्या झेरॉक्सबद्दल कोणालाच काही सांगता आलं नाही. ताईला बोळ मिळाला. भिंत पाडायचा हुकूम झाला.

"आणि वायरमन?"

"त्याचं कार्ड रद्द. पाहुणा आत सोडून गेला, हा ठपका. ओळख देणारा जबाबदार." मामांनी घसा साफ केला. "कोर्टात प्रबंध टेबलावर होता आणि शेजारी माझी वही. मी दोन्हीकडे बघितलं. पुठ्ठ्यावर जे नाव, तेच वहीत. अक्षरही तेच. नंतर मी जुन्या कचेरीत विचारलं. पोराने प्रबंध जमा केला आणि त्याच उन्हाळ्यात गेला. पदवी हातात पडलीच नाही."

"म्हणजे तो विद्यार्थी नाही..." भाची म्हणाली.

"आणि माजीही नाही. कोणत्या दारातून जाणार?"

खालच्या रस्त्यावरून एक सायकल गेली.

"पण तुम्ही त्याला बघितलं नव्हतं ना मामा," भोंगा म्हणाली. "वायरमननेच वहीत लिहिलं असेल. बिल्लाही त्यानेच खिशात टाकला असेल."

"मलाही तसंच वाटत होतं. भिंत पाडेपर्यंत." मामा खिशात हात घालत म्हणाले. "मी मुद्दाम बघायला गेलो होतो. वरचा भाग पटकन पडला. पाया मात्र पक्का, छिन्नीने फोडावा लागला. लक्षात घ्या, भिंत जूनमधली. बिल्ला मी दिला डिसेंबरात."

त्यांनी मूठ भाचीच्या अर्जावर उघडली. काहीतरी जड पडलं. भाचीने मोबाइल लावला.

पितळी बिल्ला. सतरा. चारी बाजूंनी सिमेंट, दगडासारखं घट्ट. आकड्याच्या खाचांत रुतून बसलेलं.

भोंगाने नखाने खरवडून बघितलं. मग हात मागे घेतला.