मागच्या दाराची घंटा

ही गोष्ट खरी आहे. पटली तर वाचा, नाही पटली तर सोडून द्या. मी कुणाच्या विनवण्या करणार नाही.

आणि हो, रात्र नव्हती. वीजही गेली नव्हती. टळटळीत दुपार होती. चार वाजायला दहा मिनिटं कमी होती आणि मी पूर्ण शुद्धीत माझ्या खुर्चीत बसले होते.

ठिकाण एका परक्या देशाची वकिलात. कागदोपत्री ‘वाणिज्य दूतावास’, पण आम्ही सगळे वकिलातच म्हणायचो. नव्वद वर्षं जुनी. सुरुवातीला बंदरात अडकलेल्या खलाशांची आणि व्यापाऱ्यांची कामं. मग त्यांच्या लोकांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. मग आमच्या पोरांचे व्हिसे. अर्ध्या शहराने तिथे रांगेत उभं राहून पाय दुखवून घेतलेत.

तो वकिलातीचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी कायमचं कुलूप लागणार होतं.

माझं काम साधं. येणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं, पितळी बिल्ला द्यायचा, जाताना परत घ्यायचा. माझ्यामागे काचेचं कपाट, आत चाळीस खिळे, चाळीस बिल्ले. नियम एकच. चाळीसही खिळे भरल्याशिवाय इमारतीला कुलूप लावायचं नाही. एक खिळा रिकामा म्हणजे एक माणूस आत.

हा नियम मला बाबांनी शिकवला. माझ्याआधी तेवीस वर्षं त्या खुर्चीत ते बसायचे.

आजारपणात, अगदी शेवटी, त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. चाळीस वर्षांपूर्वी शहरात दंगल पेटली होती. दुपारी चारच्या सुमाराला वकिलातीच्या मागच्या दाराची घंटा वाजली. बाबांनी झरोक्यातून पाहिलं. गल्लीत माणसं उभी होती. अकरा, कडेवरचं तान्हं धरून. “आत घ्या हो, तेवढं दार उघडा...”

बाबा साहेबांकडे धावले. साहेब म्हणाले, “वरून हुकूम नाही. उघडायचं नाही.”

घंटा अंधार पडेपर्यंत वाजत राहिली.

मग थांबली...

साहेबांनी बाबांकडून वहीत लिहून घेतलं : ‘आज कोणी आलं नाही.’ खाली बाबांची सही.

“अकरा होते गं,” बाबा मला म्हणाले. “मी दोनदा मोजले होते.” त्या अकरा जणांचं पुढे काय झालं, ते कुणी विचारलंही नाही. मला बाबांचा भयंकर राग आला होता. आजही येतो.

तर त्या शेवटच्या दुपारी, चाळीसही बिल्ले जागेवर असताना...

मागच्या दाराची घंटा वाजली.

आमच्या वकिलातीचेच वायरमनदादा शिडीवर चढून दिवे उतरवत होते. त्यांचे हात जागच्या जागी थांबले.

“ऐकलंत ना दादा?” मी विचारलं.

“ऐकलं.” ते सावकाश खाली उतरले. चेहऱ्यावर रंग नव्हता. “ताई, त्या घंटेची वायर मी स्वतः काढलीय. सहा वर्षं झाली.”

घंटा पुन्हा वाजली...

“जाऊ नका ताई.”

“का? पाहुणे आलेत. माझं कामच ते आहे.”

बोलले आणि मागच्या दाराकडे जाणाऱ्या आतल्या बोळात शिरले. बोळात चिटपाखरू नव्हतं. साहेबांच्या तसबिरी उतरवल्यामुळे भिंतीवर नुसते फिकट चौकोन उरले होते. मी झरोक्याला डोळा लावला.

गल्ली रिकामी. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आणि माझ्या डोक्यावर, बिनवायरची घंटा वाजत होती...

भ्याले, खोटं कशाला सांगू? पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. दारावर लाल अक्षरांत पाटी होती : ‘कोणत्याही परिस्थितीत उघडू नये.’ म्हटलं, बघतेच कोण अडवतं ते. मी कडी काढली आणि दार सताड उघडलं.

“या,” मी म्हणाले. “फार उशीर झालाय. पण या.”

कोणी दिसलं नाही. नुसती ऊन पडलेली गल्ली.

त्या दाराला स्प्रिंग आहे. सोडलं की धाडकन आदळतं. मी हात काढला...

दार उघडंच राहिलं.

मागून येणाऱ्यासाठी आपण धरून ठेवतो ना, तसं. बराच वेळ. मग अलगद लागलं, आणि घंटा थांबली.

परत आले तर वायरमनदादा काचेच्या कपाटाकडे बोट दाखवत उभे. कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. आणि आत खिळे रिकामे. मी मोजलेसुद्धा नाहीत. किती ते मला ठाऊक होतं. वही उघडली आणि लिहिलं : ‘अकरा जण आले. आत आहेत.’

संध्याकाळी धाकटे साहेब कागद घेऊन आले. ‘इमारत रिकामी आहे.’ खाली माझी सही हवी होती. मी कपाट दाखवलं. तळघरापासून गच्चीपर्यंत शोध झाला. माणूस नाही, बिल्लाही नाही.

“बिल्ले हरवले असं लिहा आणि सही करा.”

“हरवले नाहीत साहेब. दिलेत.”

“कुणाला?”

“आले त्यांना.”

“बाई, दुसऱ्या शहरातल्या कार्यालयात तुमची शिफारस मी करणार आहे. विसरू नका.”

“नका करू. या खुर्चीत बसून एकदा खोटं लिहून झालंय. आमच्या घरातलं दुसरं माणूस ते लिहिणार नाही.”

ते लालबुंद झाले. शेवटी स्वतःच सही ठोकली. जाता जाता वहीत डोकावले, कपाटाकडे पाहिलं आणि फणकारले, “निदान नीट मोजा तरी! तुम्ही अकरा लिहिलंय. गेलेत बारा.”

मी मोजले.

तीनदा मोजले.

बारा...

बाबांची मोजणी कधीच चुकत नसे. दंगलीच्या दिवशी दाराबाहेर अकराच होते. मी ‘अकरा’ खोडून ‘बारा’ लिहिलं आणि शेजारी सही केली.

नोकरी गेली. गेली तर गेली. आता एका दवाखान्यात नावं लिहून घेते. ती इमारत अजून बंद आहे. पुढच्या रस्त्याने जाते तेव्हा मी मुद्दाम थांबून तिच्याकडे बघते, मान खाली घालून जात नाही. दार उघडल्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही, आणि पुन्हा घंटा वाजली तर पुन्हा उघडीन.

फक्त एक गोष्ट झोप लागू देत नाही. जन्मभर त्या दाराच्या आत बसलेले माझे बाबा मेल्यानंतर बाहेर जाऊन उभे होते. त्या अकरा जणांनी त्यांना सोबत आणलं, की धरून आणलं... ते मला अजून कळलेलं नाही.