धाकट्याचं शेवटचं रीळ

रेडिओ केंद्रात तिला सगळेच ताई म्हणत, शिपायापासून केंद्रप्रमुखापर्यंत. अठ्ठावन्नावं सरत आलं होतं, निवृत्तीला बारा दिवस उरले होते, आणि हातात कामं राहिली होती ती दोनच. जुनी रिळं संगणकावर उतरवून घ्यायची आणि सकाळच्या ‘आजची तारीख’ या कार्यक्रमाचं कार्ड लिहून द्यायचं.

कार्यक्रम दहा मिनिटांचा. आजच्या तारखेला कोणते अल्बम निघाले, कोण गायक-वादक गेले, तेवढं सांगायचं आणि मध्ये दोन गाणी वाजवायची. ताईच्या कपाटाला बारा खण होते, महिन्याला एक, आणि त्यात वर्षाच्या सगळ्या तारखांची कार्डं.

“ताई, आज गेलेले पाच आणि अल्बम एकच?” निवेदक कार्ड बघून म्हणायचा. “लोक चहा पिता पिता ऐकतात हो. एखादा तरी मागे ठेवायचात!”

“मी नेते का रे त्यांना? मी नुसती लिहिते,” ताई म्हणायची.

एकोणीस नोव्हेंबरचं कार्ड मात्र निवेदक न बोलता घ्यायचा. त्यावर इतरांच्या खाली दोन ओळी होत्या. एका तरुण गायकाचं रेकॉर्डिंग चालू असताना निधन. आणि त्याखाली, त्याच गायकाचा एकमेव अल्बम पुढच्या वर्षी याच दिवशी प्रकाशित. तो गायक ताईचा धाकटा भाऊ. घरात त्याला धाकटाच म्हणत. अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि अठ्ठावीस वर्षं ताईने त्या दोन ओळी इतर मेलेल्यांच्या ओळींसारख्याच लिहिल्या होत्या.

अठरा तारखेला दुपारी ती दुसऱ्या दिवशीचं कार्ड द्यायला निघाली होती, तेवढ्यात निवेदकच आत आला. त्याच्या हातात पत्र्याचा एक चपटा डबा होता.

“कपाट हलवलं ना, त्याच्या मागे सापडला. वर तुमच्या अक्षरात नुसती एकोणीस नोव्हेंबर ही तारीख आहे. ताई, हा धाकट्याचा आवाज असणार! उद्या लावू या? कोणी न ऐकलेलं काहीतरी.”

डबा तिनेच तिथे सरकवला होता. ते रीळ पुसून टाकायला ती किती वेळा तरी उठली होती. पण भावाचा शेवटचा आवाज आपल्या हाताने पुसायचा, हे तिच्याच्याने झालं नव्हतं.

“ठेव इथे,” ती म्हणाली. “मी ऐकते आधी.”

धाकटा गेला त्या दिवशी काय घडलं होतं, ते तिच्याखेरीज कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा ती ध्वनिमुद्रक होती. काचेच्या अलीकडे ती, पलीकडे बंद खोलीत धाकटा. खोलीचं दार जाडजूड. नीट बसावं म्हणून त्याला बाहेरून खटका लावायचा. आत कोणी जिवाच्या आकांताने ओरडलं तरी बाहेर चकार शब्द येत नसे. आला तर तो माइकमधून, ताईच्या शेजारच्या स्पीकरवर. धाकटा शेवटचं कडवं परत परत मागत होता. सातव्या खेपेला दोघांचं वाजलं. “बस ओरडत,” असं म्हणून ताईने स्पीकरचं बटण पिळून बंद केलं आणि ती चहाला निघून गेली. मागे वळून काचेतून पाहिलंसुद्धा नाही. रीळ तसंच फिरत राहिलं. कँटीनमध्ये कोणीतरी भेटलं, गप्पा रंगल्या, चाळीस मिनिटं गेली. धाकट्याला दमा होता. त्याचा पंप त्याच्या पिशवीत होता, आणि पिशवी ताईच्या खुर्चीला लटकत होती.

परत आली तेव्हा तो दाराशी पडला होता. तिने आधी खटका काढला आणि मग माणसं बोलावली.

आईला तिने सांगितलं, “मी जवळच होते गं. माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेला. त्रास नाही झाला.” त्या एका वाक्यावर आई इतकी वर्षं तगून होती.

ताईने रीळ यंत्रावर चढवलं, संगणकाचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि कानांवर हेडफोन ठेवले. खिडकीतून ऊन येत होतं. टेपला जुन्या व्हिनेगरसारखा आंबूस वास होता.

धाकटा गायला. कोवळा, भरलेला आवाज. मग थांबला.

“ताई, एकदाच. एकदाच घेऊ या.” थोडा वेळ काही नाही. “ताई? ...ऐकू येतंय ना तुला?”

बटण बंद झालं होतं ते इथेच. पुढचं ती मनात हजारदा ऐकून बसली होती. खोकला, मग छातीची शीळ, मग दारावर हात आपटल्याचे आवाज. तळहाताचे, आणि नंतर मुठीचे. “ताई... दार... ताई गं...” ताईने टेबलाची कड घट्ट धरली. ऐकायचं. एवढं तरी आपण त्याचं देणं लागतो.

आणि मग माइकच्या अगदी जवळून एका बाईचा आवाज आला.

“आले रे. आले. घाबरू नकोस.”

ताईने रीळ थांबवलं. मागे नेलं. परत लावलं.

“आले रे. आले. घाबरू नकोस.”

तिचाच आवाज होता. क्षणभर तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. म्हणजे आपण वेळेवर परत आलो होतो? आपण खरंच त्याच्याजवळ होतो, आणि दुःखाने डोकं फिरून उलटंच काहीतरी मनात धरून बसलो? अठ्ठावीस वर्षांचा धोंडा छातीवरून सरकतोय असं तिला वाटलं.

मग तो आवाज पुढे बोलला, आणि वाक्याच्या मध्येच चिरकला.

मागच्या वर्षी ताईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून तिचा आवाज बोलता बोलता असा फाटायचा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिचा आवाज घंटेसारखा होता.

“ताई... तुझा आवाज... असा का?” धाकट्याने विचारलं.

“बसलाय जरा. तू बोलू नकोस. ठेव, इथे डोकं ठेव.”

“दार उघड ना...”

“मला नाही उघडता येत रे. बाहेरून लावलंय.”

“कोणी?”

बराच वेळ नुसती शीळ. मग अगदी हळू...

“मीच.”

त्यानंतर ती बाई गुणगुणत राहिली. शीळ बारीक होत गेली, तुटक झाली, थांबली. गुणगुणणंही थांबलं. पण रीळ संपलं नव्हतं. आता श्वास ऐकू येत होता तो एकटीचाच. ती उठली. तिने दार ढकलून पाहिलं. परत ढकललं. मग दाराशी बसली. टेपचं शेवटचं टोक सुटून फडफडेपर्यंत ती तिथेच होती, आत.

ताईने हेडफोन काढले तेव्हा निवेदक समोर उभा होता.

“काय हो, चेहरा असा का झालाय? बघू.” त्याने संगणकावर उतरलेलं पुढे-मागे करून ऐकलं. “ताई, धाकटा थांबतो तिथपर्यंतच आहे. पुढे नुसती खरखर.”

“हो,” ताई म्हणाली. “खरखरच आहे. नेहमीचं गाणं लाव उद्या.”

संध्याकाळी ती घरी गेली ती मनाशी ठरवूनच. चौऱ्याऐंशी वर्षांची आई पलंगावर टेकून बसली होती. ताई तिच्या पायाशी बसली.

“आई, त्या दिवशी मी खोटं बोलले. मी त्याच्याजवळ नव्हते. मी दार लावून चहाला गेले होते. तो... एकटाच होता.”

आईने तिच्याकडे पाहिलं. रागावली नाही. एखादं लहान मूल तापात बरळतंय, तसं तिने ताईच्या कपाळाला हात लावून पाहिला.

“असं काय बोलतेस? मी ऐकते की दरवर्षी.”

“काय ऐकतेस?”

“रेडिओवर त्याचं गाणं लागतं ना, त्याच्या मागे तू असतेस. ‘आले रे, घाबरू नकोस’ म्हणतेस. किती मायेने बोलतेस गं. तेवढंच ऐकायला तर मी वर्षभर थांबते.”

गाणं लागायचं त्या सकाळी ताई दरवर्षी केंद्रात असायची. केंद्रात ते गाणं ती दरवर्षी ऐकायची. मागे कोणीही नसायचं.

एकोणीसला ती कामावर गेली नाही. साडेसातला आईच्या शेजारी बसली. निवेदकाने नावं वाचली. एका सतारियाचं निधन, एका वाद्यवृंदाचा पहिला अल्बम, मग धाकट्याच्या दोन ओळी. गाणं सुरू झालं. ताईने जिवाचा कान करून ऐकलं. धाकट्याचा आवाज, वाद्यं, बाकी काही नाही. शेजारी आई मात्र मान डोलवत होती, कधी “हो, हो” म्हणत होती.

गाणं संपलं. बातम्या लागल्या. ताई रेडिओ बंद करायला उठली, तर आईने तिचा हात धरला.

“थांब. अजून चाललंय.”

“बातम्या आहेत, आई.”

“शूऽऽ. दरवर्षी तू इथे गप्प होतेस. आज बोलते आहेस.” आई कानामागे तळवा धरून पुढे वाकली. “धाकटाही बोलतोय की! केवढा स्वच्छ बोलतोय. दमबिम काही नाही...”

“काय म्हणतोय?”

“विचारतोय, आईला कधी आणतेस?”

ताईने आईचे दोन्ही हात पकडले. ते ऊबदार होते. “आई, माझ्याकडे बघ. मी इथे आहे. मी काही बोलत नाहीये. ...आई, मी काय सांगितलं त्याला?”

आई गोड हसली. किती वर्षांत ताईने तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं.

“आजच, म्हणालीस. मग मला आधी सांगायचं नाही का गं? केससुद्धा विंचरले नाहीत मी.”

तिने हात सोडवून घेतले, उशाचा कंगवा काढला, केस मोकळे सोडले. मग वेणी घालून घ्यायला बसावं तशी ती पाठ करून बसली, आणि कंगवा खांद्यावरून मागे धरला. ताई तिच्या समोर होती. मागे नुसती भिंत होती.

कंगवा आईच्या हातातून अलगद सुटला, पण खाली पडल्याचा आवाज आला नाही.