पहिल्या कळीसमोरची जागा

आजोबांचा कॅमेरा गळ्यात अडकवून मी शाळेच्या आधी बागेत निघाले होते, कारण आजी जेवत नव्हती.

आजोबा पानगळीत गेले. जपानमधल्या आमच्या मितो शहराच्या बागेत तळ्याकाठी प्लमचं एक म्हातारं झाड आहे. इतर झाडांच्या आधी तेच फुलतं. दर वर्षी त्याच्या पहिल्या फुलाचा फोटो काढून आजोबा आजीला आणून दाखवायचे आणि आजी म्हणायची, "चला, संपला हिवाळा." या वर्षी ती म्हणाली की ते फूल पाहिल्याशिवाय तिला घास जाणार नाही. डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, असंच चाललं तर वसंत काही त्या पाहणार नाहीत. बाबांनी मग आजोबांनी काढलेला एक जुना फोटो तिच्यापुढे धरून पाहिला.

"यातली ही खालची फांदी मागच्या बर्फात मोडली," आजी म्हणाली. "म्हातारी झालेय रे, आंधळी नाही."

बागेत नुकतं उजाडत होतं. तळ्यावर धुकं होतं. मातीतून वर आलेल्या बर्फाच्या सुया बुटांखाली करकरत होत्या. आजोबांचा ट्रायपॉड जड म्हणून मी घरीच, दाराजवळ ठेवला होता. झाडावरच्या सगळ्या कळ्या मिटलेल्या. एकीच्या टोकाला मात्र नखाएवढी पांढरी रेघ दिसत होती. मी कॅमेरा डोळ्याला लावून उभी राहिले. बोटं बधिर झाली. कळी हलेना.

थोड्या वेळाने डावीकडून पावलं वाजत आली आणि माझ्या शेजारी थांबली. मग जमिनीत काहीतरी रोवल्याचा आवाज आला. कर्र... कर्र... कर्र. पाठोपाठ वास. आजोबा गुडघ्यांना चिकटवायचे त्या औषधी पट्टीचा, पुदिन्यासारखा थंड.

मी तिकडे पाहिलं नाही. एरवी मी माणसांकडे बघायला लाजते. तेव्हा कारण लाज नव्हतं; पाहिलं तर तो वास जाईल असं वाटलं.

मागे कुणीतरी खाकरलं. आजोबांचे बागेतले सोबती, नेमोतोकाका, कॅमेरा घेऊन थांबले होते. आमच्या बागेत कुणी कॅमेरा रोखून उभं असेल तर त्याच्या पुढून कुणी जात नाही. त्याचं होईपर्यंत मागे थांबायचं.

"काका, माझं काही होत नाहीये," मी हळूच म्हटलं. "तुम्ही घ्या ना आधी."

ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या डावीकडे बघत होते.

"नको... आधी त्यांचं होऊ दे."

"कुणाचं?"

काकांनी टोपी काढली आणि वाकून नमस्कार केला.

मी पुन्हा डोळा लावला आणि श्वास रोखला. तरीही डावीकडून वाफेचा एक पांढरा पुंजका आला आणि कळीवर टेकला. आळशी कळी दिसली की आजोबा असेच तिच्यावर फुंकर घालायचे. "ऊठ गं बाई," म्हणायचे. पांढरी रेघ रुंद झाली. एक पाकळी सुटली, मग दुसरी. मी बटण दाबलं.

मान वळवली, तर शेजारी कुणी नव्हतं.

घरी आजीने कॅमेरा हातात धरून पडद्यावरचा फोटो किती तरी वेळ पाहिला. "एक पाकळी उमलायची राहिलीय. घाई केलीस," ती म्हणाली. मग तिने भाताची पेज मागितली, खारवलेल्या प्लमसकट. वाडगा पुसून खाल्ला. "चला, संपला हिवाळा."

बूट काढताना लक्ष गेलं नव्हतं, ते आता गेलं. दाराजवळच्या ट्रायपॉडच्या तिन्ही पायांना ओली माती होती. घर उबदार होतं, पण मातीतल्या बर्फाच्या सुया वितळल्या नव्हत्या. मी आजीला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही.

"पाय पुसायची सवय त्यांना कधीच नव्हती. खाली वर्तमानपत्र घाल."

मी ते पाय पुसले, मिटवले आणि खाली वर्तमानपत्र घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा ट्रायपॉड दाराजवळ नव्हता. तो आजीच्या खोलीसमोर पाय पसरून उभा होता, आजोबांच्या उंचीला लावलेला, तोंड आतल्या अंथरुणाकडे. पट्टीचा तोच वास येत होता. दार अर्धं उघडं होतं. आत आजी उशीला टेकून बसली होती, आरसा मांडीवर घेऊन, सावकाश केस विंचरत.

मी तिला हाक मारली नाही. ट्रायपॉडच्या पुढूनही गेले नाही. मागेच थांबले.