चौथ्या मजल्याचं कुलूप

"काका, परत आत अडकलेय! आठला ड्यूटी आहे. आज उशीर झाला तर नोकरी गेलीच!"

नर्सचा फोन ठेवून कुलूपवाले काका निघाले. मंगळवारीच त्यांनी तिच्या दाराचं कुलूप उघडून, साफ करून, किल्ली सहज फिरावी म्हणून आत पेन्सिलीच्या शिशाची पूड भरली होती. दोनच दिवसांत पुन्हा तेच. चाळीस वर्षं कुलपांशी संसार केलेल्या माणसाला हा अपमानच वाटला.

चौथ्या मजल्यावर दारासमोर दोघं उभे होते. घरमालकीणबाई, आणि पांढऱ्याशुभ्र शर्टातला घरांचा एजंट. त्याच्या खिशाच्या कडेला काळी रेघ होती आणि हातात घर सोडण्याचा टाइप केलेला कागद.

काकांनी दार उघडलं. नर्स घामाघूम बाहेर आली.

"ताई, हे दारच खोडीचं," एजंट हळहळला. "वर्षात चार भाडेकरू गेले. सही करा, दुसरं घर बघू."

"चार महिने वणवण केली तेव्हा कुठे हे परवडणारं एक बेडरूमचं घर मिळालं," नर्स म्हणाली. "आत राहिले तर कोंडले जाते, सोडलं तर रस्त्यावर. जाऊ कुठे?"

काका मालकीणबाईंकडे वळले. "दुसरी किल्ली?"

"माझी होती, ती वर्षापूर्वीच हरवली."

"घर सारखं रिकामं होतं, त्यात तुमचा फायदा?"

"कसला फायदा! भाडं बुडतं, वर दर वेळी याची दलाली."

"आणि तुम्ही इथे याआधी कधी आला होता?" काकांनी एजंटला विचारलं.

"मी महिनाभर इकडे फिरकलोच नाही," एजंट म्हणाला. "आज फक्त सहीसाठी आलो."

"सकाळी सातला?" काका हसले. "कुलूप ठणठणीत आहे. बाहेरून किल्ली दोनदा फिरवली की आतली मूठ फिरत नाही. मंगळवारी तेच झालं होतं, आजही तेच. संशय आला म्हणून मी मंगळवारी चिमटीऐवजी ठासून पूड भरली. त्यात गेलेली किल्ली काळी होऊनच निघणार. मग महिनाभर न फिरकलेल्या माणसाच्या खिशाला ही रेघ कुठून?"

चोराच्या मनात चांदणं. एजंटचा हात खिशावर गेला. मालकीणबाईंनी तो झटकून किल्ली ओढून काढली. काळीकुट्ट, लाल दोऱ्याची.

"अरे मेल्या, ही तर माझीच!"

"भाडेकरू पळाला की नवा भाडेकरू, म्हणजे नवी दलाली," काका म्हणाले. "पोरी, तू पळ ड्यूटीवर. संध्याकाळपर्यंत नवं कुलूप बसवतो. किल्ल्या सगळ्या तुझ्याकडे."

संध्याकाळी नर्सने आत येऊन दार लावलं. मूठ फिरवली. उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा उघडल्यावर तिने चपला काढल्या.